आर्विडच्या अकरा ओळी

केल्सीने पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा ती हसत होती. "कॉरीन, तुझ्या सर्व्हरचं माझ्याशी काय वाकडं आहे? सकाळपासून चौथ्यांदा बाहेर काढलंय मला." दुसऱ्या दिवशी मात्र ती हसत नव्हती. अर्धा तास खपून लिहिलेलं टिकेट तिने पाठवलं, तर पडद्यावर लॉगिनचं पान आलं. पासवर्ड टाकून ती आत गेली, पण टिकेट कुठेच नव्हतं.

कॉरीन बेल्कोर्टने वेळ लिहून घेतली. शाळा आणि इस्पितळांच्या बॉयलरवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, सरोवराकाठच्या डलूथ शहरातल्या कंपनीत ती नऊ वर्षं होती, आणि बिघाडांची नोंद ठेवणारी सगळी व्यवस्था तिच्या हातात होती. कुणाला काही चूक सापडली की त्याने टिकेट टाकायचं, ते दुरुस्ती करणाऱ्याकडे जायचं, आणि सोमवारच्या बैठकीत उघड्या टिकेटांचा रिपोर्ट भिंतीवर लागायचा. भिंतीवर दिसेल त्यावरच बोलणं व्हायचं. 'टिकेट नाही तर बिघाड नाही,' हे त्यांचा साहेब टॉड ब्रेकी याचं आवडतं वाक्य. त्याने ते आपल्या कॉफीच्या मगावर छापूनही घेतलं होतं.

गेल्याच आठवड्यात कॉरीनने सगळ्यांना एक सूचना पाठवली होती: रिपोर्टचं पान दिवसभर उघडं ठेवू नका. त्या पानावरचे आकडे बदलत रात्री एकदाच, पण पान मात्र दर मिनिटाला सर्व्हरकडे जाऊन विचारून येई, आणि चाळीस जणांची चाळीस पानं विचारायला लागली की सर्व्हर धापा टाकायचा. लोकांनी कुरकुर करत पानं बंद केली. तक्रारी सुरू झाल्या त्या त्यानंतर.

दोन्हींचा संबंध असणार असं तिला वाटलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिने तो तपासला. बाकी सगळं बंद करून नवं टिकेट उघडलं, दोन वाक्यं लिहिली आणि घड्याळ लावून सँडविच खाल्लं. एकवीस मिनिटांनी बटण दाबलं. लॉगिनचं पान आलं. पासवर्ड टाकल्यावर मुख्य पान उघडलं, आणि तिची दोन वाक्यं गेली ती गेलीच. मग दुसऱ्या खिडकीत रिपोर्टचं पान उघडं ठेवून तिने हेच पुन्हा केलं. या वेळी टिकेट नीट जमा झालं.

म्हणजे कारण सरळ होतं. वीस मिनिटं माणसाकडून काही हालचाल झाली नाही की सर्व्हर त्याचं सेशन, म्हणजे त्या लॉगिनची मुदत, संपवायचा. माणूस समोर बसून लिहितो आहे हे सर्व्हरला कळत नसे; बटण दाबेपर्यंत त्याच्या लेखी तो माणूस गायबच. रिपोर्टचं पान उघडं असलं की ते दर मिनिटाला जाऊन सेशन जिवंत ठेवायचं. त्या एका वाया जाणाऱ्या खटपटीने इतके दिवस सगळ्यांना सांभाळलं होतं.

वीस मिनिटांची मर्यादा तिनेच घातलेली होती. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात इस्पितळांच्या तपासनिसांनी ती मागितली होती. आधी सेशन दिवसभर चालायचं. तिने एक आकडा पुसून दुसरा लिहिला, दोन मिनिटांचं काम होतं.

सँडविचचा कागद चुरगळताना तिच्या मनात आलं, की या ऑफिसात टिकेट लिहायच्या आधी बाकी सगळ्या खिडक्या बंद करणारा माणूस होता तरी कोण?

आर्विड हॉल्वर्सन.

सव्वीस वर्षं तो तिथे चाचण्या घ्यायचा. लिहायला बसला की समोरचं सगळं बंद करायचा. म्हणायचा, एका वेळी एकच गोष्ट खोटी ठरवता येते. दोन बोटांनी टाइप करायचा. मधेच उठून प्रयोगशाळेतल्या बॉयलरचा दाब पुन्हा बघून यायचा, मग आकडा घालायचा. एका टिकेटाला चाळीस मिनिटं सहज. त्याचं टिकेट आलं की पोरं म्हणायची, "आली आर्विडची कादंबरी, डबे आणा रे." पण दुरुस्ती करणाऱ्यांना त्याचंच टिकेट हवं असायचं, कारण त्यानंतर काही विचारायला उरत नसे.

जानेवारीत उत्तरेकडच्या एका गावातल्या शाळेची वीज गेली. उणे तीसची रात्र होती. वीज आल्यावर बॉयलरने पाणी कमी झाल्याचं ओळखून स्वतःला बंद केलं, पण धोक्याची घंटा वाजलीच नाही. सकाळी शिपाई आला तेव्हा नळ फुटून जिमखान्यात बर्फ साचलेला. कुणाला इजा झाली नाही, पण शाळा तीन आठवडे बंद राहिली. सोमवारच्या बैठकीत आर्विड शांतपणे म्हणाला, हे मी डिसेंबरच्या चौदा तारखेला लिहिलं होतं. वीज जाऊन आली की घंटा मुकी राहते. टॉडने रिपोर्ट भिंतीवर लावला. तिथे काही नव्हतं. आर्विड म्हणाला, पुन्हा बघ. टॉडने पुन्हा बघितलं.

मग आर्विडने स्वतःहून आपली बाकीची टिकेटं शोधायला घेतली. ऑक्टोबरपासूनची आणखी अकरा मिळेनात. त्याने कॉरीनला बोलावलं. तिने पुसलेल्या नोंदींतही शोधलं. तिथे पुसलेलं काही नव्हतं. मुळात काही आलंच नव्हतं. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि तिला जमेल तितक्या मायेने म्हणाली होती, "तुम्ही मनात लिहिलं असेल, आर्विड. पाठवायचं राहून गेलं असेल."

"बारा वेळा?" त्याने विचारलं होतं.

ती पुन्हा पुसलेल्या नोंदी चाळू लागली, आणि त्यातून त्याने आपलं उत्तर काढलं. तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातले चार लक्षात राहिले. वयाच्या मानाने ठीक आहे, पण कामावर असं होत असेल तर जपून राहा, असं काहीतरी तो म्हणाला. मार्चमध्ये आर्विडने राजीनामा दिला. निरोपाच्या केकवरही कुणीतरी टिकेटाचा नंबर घातला होता, आणि तो बघून आर्विड हसला होता. नंतर कळलं की त्याने तळ्याकाठचं लाकडी घर, ते केबिन, विकलं, त्याच्या बापाने बांधलेलं, आणि तो बायकोसह शहरातल्या वृद्धांच्या इमारतीत राहायला गेला.

सर्व्हरची रोजनोंद दीड वर्ष ठेवायची असा त्याच तपासनिसांचा नियम होता. कॉरीनने ती उघडली. संपलेल्या सेशनवर नाव नसतं, पण कुठल्या टेबलावरच्या यंत्राने काय पाठवलं ते असतं. आर्विडच्या टेबलाचा क्रमांक तिला पाठ होता. तिने त्या यंत्राकडून आलेली, आणि लॉगिनच्या पानाकडे परत पाठवलेली, प्रत्येक ओळ वेगळी काढली.

अकरा ओळी निघाल्या. पहिली ऑक्टोबरच्या बावीस तारखेची, शेवटची जानेवारीतली. प्रत्येकीत तारीख, वेळ आणि पाठवलेल्या मजकुराची लांबी. मजकूर नव्हता, सर्व्हरने तो न वाचताच टाकून दिला होता. दोन हजार आठशे सेहेचाळीस अक्षरं. तीन हजार एकशे दोन. एक तर जवळजवळ पाच हजारांचा होता. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं, पण तो होता. आर्विड खोटं बोलला नव्हता आणि विसरलाही नव्हता.

चौदा डिसेंबरची ओळ नव्हती. तिने तेरा आणि पंधरा तारीख बघितली. प्रयोगशाळेतली यंत्रं बघितली, केल्सीचं, टॉडचंही. त्या दिवसाची नोंद अखंड होती, बाकीच्यांच्या हजारो ओळी जागच्या जागी. शाळेचं टिकेट आर्विडने कुठूनच पाठवलं नव्हतं.

टॉडने सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं. सेशनची दुरुस्ती लगेच कर, म्हणाला. लिहिलेलं जपून राहील असं काहीतरी बसव. पण आर्विडकडे जायचं तिचं म्हणणं त्याला पटेना. वकील येतील, म्हणाला. आणि तेही बाजूला ठेवू.

"तू त्याला नक्की काय नेऊन देणार? ज्याच्यासाठी तो झुरतोय तेच त्यात नाही."

"बाकीचं आहे."

"बाकीच्याचं तो काय करणार, कॉरीन? केबिन परत मिळणार आहे त्याला?"

ती म्हणाली, ते त्याचं तो ठरवेल. टॉडने मग मगाकडे बघत एवढंच सांगितलं, की तू गेलीस हे मला माहीत नाही.

शनिवारी दुपारी ती गेली. नोव्हेंबरचं आभाळ सरोवरावर टेकलेलं होतं आणि वारा उतारावरून गाडी ढकलत होता. इमारत चांगली होती, गरम आणि स्वच्छ. चौथ्या मजल्यावरची त्यांची खिडकी सरोवराकडे नाही, गाड्या लावायच्या जागेकडे उघडायची. मर्नाने, आर्विडच्या बायकोने, दार उघडलं. तिने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर तिच्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या: कप, औषधं, पीठ-साखर. डॉक्टरने सांगितलंय, ती म्हणाली, आधीपासून सवय लावलेली बरी.

आर्विड बारीक झाला होता, पण दाढी घोटलेली आणि शर्टाच्या खिशात पेन तसंच. "बोल पोरी," तो म्हणाला, "टॉड अजून त्याच मगातून पितो, की लोकांनी फोडला?"

"त्याने आता दुसरा आणलाय," ती म्हणाली. "त्यावरही तेच आहे."

कॉरीनने फार वेळ घालवला नाही. तिने त्या अकरा ओळींचा कागद टेबलावर ठेवला आणि सेशनचं, रिपोर्टच्या पानाचं, वीस मिनिटांचं सगळं क्रमाने सांगितलं. आर्विडने चष्मा बदलला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ही लांबी कशात मोजली आहे, त्याने विचारलं. परत पाठवल्याचा हा सांकेतिक आकडा दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतो का? माझ्या टेबलावर दुसरं कुणी बसल्याची शक्यता तू कशी बाद केलीस? तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. शेवटच्याला म्हणाली, त्या वेळांना तुमच्या नावाचं लॉगिन लगेच पुढच्या मिनिटाला आहे, अकराच्या अकरा वेळा.

"हो," तो म्हणाला. "त्या दिवसांत सारखाच पासवर्ड मागायचं ते. मला वाटलं, तशीच नवी पद्धत आहे. आणि यादीत तर नवं टिकेट दुसऱ्या दिवशीच दिसायचं, म्हणून मी मागे वळून बघितलं नाही." थोडं थांबून त्याने विचारलं, "ही मर्यादा घातली कुणी?"

"मी."

"आणि चाचणी?"

"केली नाही. एक आकडा तर बदलायचा होता." ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण नजर खाली घालणं सोपं होतं. "आणि नंतर तुमच्याजवळ बसून मी ते बोलले. मला तेव्हा ही नोंद उघडून बघता आली असती. मी टिकेटांत शोधलं. जे आलंच नाही ते कुठे अडलं, हे शोधलं नाही."

मर्ना उभीच होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "सात महिने मी याला गाडीची किल्ली दिलेली नाही. हा म्हणायचा, मर्ना, मी नीट आहे, आणि मी म्हणायची, हो राजा, आहेस हं." मग ती खुर्चीत बसली.

आर्विडने खिशातून छोटी डायरी काढली. गेल्या वर्षीची होती. पाठवलेल्या प्रत्येक टिकेटापुढे तो बरोबरची खूण करायचा. त्याने डायरी कागदाशेजारी ठेवली आणि दोन्ही बोटं बरोबरीने खाली आणू लागला. कॉरीनला ठाऊक होतं बोट कुठे थांबणार ते.

"चौदा डिसेंबर नाही."

"यंत्राचंच काहीतरी असेल," मर्ना घाईने म्हणाली. तिने कॉरीनकडे बघितलं. "असंच ना? एखादी ओळ हरवतेच की."

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. त्या दिवसाची नोंद खराब आहे, एवढंच. कुणी तपासायला येणार नव्हतं. आर्विडने बोट त्या जागेवर तसंच ठेवलं होतं. एखादा प्रोग्रामर सबबी सांगून संपवेपर्यंत तो असाच थांबून राहायचा.

"नाही," कॉरीन म्हणाली. "त्या दिवसाची नोंद पूर्ण आहे. मी सगळी यंत्रं बघितली. ते टिकेट तुम्ही पाठवलं नव्हतं, आर्विड."

त्याने मान हलवली. पेन काढून डायरीतल्या त्या खुणेवर एक आडवी रेघ मारली, घाई न करता.

"अकरा तुझी आणि एक माझं," तो म्हणाला. "आणि शाळा गोठली ती माझ्या एकाने."

"एक कुणीही विसरतं," कॉरीन म्हणाली. "सव्वीस वर्षांत एक. तो काही आजार नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. आर्विडला ते तिच्याआधी कळलं असावं. त्याने मान वर करून खोली बघितली: कपाटांवरच्या चिठ्ठ्या, गाड्यांकडे उघडणारी खिडकी, भिंतीला टेकवलेलं, अजून न टांगलेलं केबिनचं चित्र. बारा वेळा विसरणाऱ्या माणसाने करायचं ते सगळं त्याने केलं होतं, नीट, वेळेवर, कुणाला त्रास न देता. एकदा विसरणाऱ्या माणसाला यातलं काहीच करायला नको होतं.

"केबिन घेतलेल्यांनी तिथला सॉना पाडला, वाफेच्या अंघोळीची खोली ती," तो म्हणाला. "मिनियापोलिसची माणसं आहेत. तिथे बोटी ठेवायला शेड बांधताहेत. शेजारच्याने फोटो पाठवला होता."

मर्नाने कॉफी ओतली.  कॉरीनने माफी मागितली तेव्हा त्याने ती ऐकून घेतली, पण नाकारली नाही की स्वीकारलीही नाही, आणि तिला ते रास्त वाटलं. मग त्याने विचारलं, आता सेशन संपलं की काय होतं?

तिने सांगितलं की आता लिहिलेलं आपोआप बाजूला जपून ठेवलं जातं. पुन्हा लॉगिन केलं की जिथे होतं तिथे परत येतं.

"चाचणी घेतलीस?"

"केल्सीने घेतली."

"केल्सी मशिनगनसारखी टाइप करते. हळू लिहिणाऱ्यावर घेतलीस का?"

तिने घेतली नव्हती. त्याने हात पुढे केला. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, ऑफिसच्या सर्व्हरला जोडला, आपल्या नावाने लॉगिन करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकेक करून बाकीच्या खिडक्या बंद केल्या. नवं टिकेट उघडलं आणि दोन बोटांनी लिहायला लागला.

बाहेर अंधारून येत होतं. मर्ना बशा धुऊन आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली. कॉरीनने सुरुवातीला पडद्याकडे बघितलं नाही, मग बघितलं. वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यास, कमी पाण्याची सूचना मिळते, पण घंटा वाजत नाही. झडप क्रमांक, दाब, तापमान. कुठल्या क्रमाने काय केलं की बिघाड दिसतो, सात पायऱ्या. पाचव्या पायरीशी थांबून त्याने डोळे मिटले, मग एक आकडा खोडून बरोबर केला. ज्या शाळेत शून्याच्या खाली तापमान जाण्याची शक्यता आहे तिथे हे तातडीने दुरुस्त करावं, असं त्याने शेवटी लिहिलं. तीस मिनिटं झाली होती. ती चूक फेब्रुवारीतच दुरुस्त झाली होती, हे तिघांनाही माहीत होतं.

त्याने बटण दाबलं. लॉगिनचं पान आलं. कॉरीनने वाकून पासवर्ड टाकला, आणि सगळं टिकेट परत आलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. त्याने पुन्हा बटण दाबलं. या वेळी ते जमा झालं आणि त्याला नंबर मिळाला.

आर्विडने ते वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं.

"चालतंय," तो म्हणाला. "काढून टाक आता. चाचणीच्या नोंदी ठेवायच्या नसतात, लोकांचा गोंधळ होतो."

"राहू दे ना," मर्ना म्हणाली. "एवढं लिहिलंस."

"मर्ना, ते खरं नाही. तारीख आजची आहे."

कॉरीनचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. तो थांबला, रागावला नाही, त्याने फक्त वाट पाहिली. तिने टिकेट पुसलं. पडदा रिकामा झाल्याची खात्री करून आर्विडने लॅपटॉप हळूच मिटला आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवला.